गवईकाका वाटी रिकामी देत नाहीत

गवईकाकांकडे गेलेली माझी वाटी आजवर कधी रिकामी परत आलेली नाही. रिकामं भांडं परत द्यायचं नाही, हा रिवाज आमच्या अमडापुरात सगळेच पाळतात. पण लोक चिमूटभर साखर टाकून मोकळे होतात. काकांचं तसं नाही. वाटीत कधी तुरीचे ओले दाणे, कधी लिंबू, आणि घरात काहीच नसलं तर चक्क एक स्क्रू. "कामी येते," म्हणतात. त्यांच्या स्क्रूंनी माझा डबा भरलाय, कामी आलेला एकही नाही.

जनावरांच्या दवाखान्यातून रिटायर झाल्यावर काका शेजारी माझ्या कॉम्प्युटर क्लासात येऊन बसू लागले. काकूंची नजर शुगरनं गेली होती. त्यांना पुस्तकं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम काकांना हवा होता. मी म्हटलं, असा एक फुकट मिळतो. त्याचा सगळा कोडसुद्धा इंटरनेटवर उघडा ठेवलाय, कोणीही उतरवून घ्यावा, हवा तसा बदलावा.

"फुकट? काऊन बे?" हा 'बे' मला नव्हता, सगळ्या जगाला होता.

मी कोड उतरवून घ्यायची 'गिट क्लोन'ची एक ओळ टाईप करून दिली. कोड उतरेपर्यंत काका शर्टाचं वरचं बटन लावून ताठ बसले, घरी सोयरे येणार असल्यासारखे. उतरला, तसे म्हणाले, "पोचला म्हणून कोनाले सांगाव?"

"कोणालाच नाही, काका."

"असं कसं? लोकायनं एवढं सामान देलं!"

मी चहा ठेवायला आत गेले, तेवढ्यात घात झाला. त्या लोकांनी तक्रारी नोंदवायला जी जागा ठेवलीय, तिथे काकांनी लिहून टाकलं: 'नमस्कार. आपला कोड अमडापूरला सुखरूप पोचला. इकडे सर्व खुशाल. वाटी रिकामी पाठवणार नाही, थोडी सवड द्यावी.' मी कपाळावर हात मारला. दुसऱ्या दिवशी तिकडून कोणीतरी, ही तक्रार नाही, असा शेरा मारून ती बंद केली. काकांनी त्याच्याखाली लिहिलं, 'दखल घेतल्याबद्दल आभार.'

प्रोग्रॅम वाचायचा बरा, पण गोष्टीत संवाद आला की सुसाट सुटायचा. एकाचं बोलणं संपलं की लगेच दुसऱ्याचं, मध्ये थांबा म्हणून नाही. काकू वैतागल्या. "सासू बोलते का सून, कायीच समजून नाही राह्यलं. आन् वाचते थे, दम मले लागून राह्यला!"

झालं! काकांनी तो थांबा बसवायचा ध्यासच घेतला. रोज सकाळी क्लासात हजर. मी पोरांना शिकवू की यांना कोड समजावू? महिनोन्‌महिने डोकं खाल्लं माझं. एकदा थांबा बसला, पण काकांनी घरी लावून पाहिला तर एवढा लांबला की काकूंनी आतून विचारलं, "अवो, लाईन गेली का?"

शेवटी मी चिडलेच. "काका, रोज संध्याकाळी तुम्हीच काकूंना वाचून दाखवता. त्यांना तुमचंच वाचणं आवडतं. मग या मशीनच्या मागे कशाला लागलात?"

काकांनी आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मी हाये तोवर वाचतोच न, पोरी. माह्या मांगं तिले कोन वाचून दाखवीन? तिले सांगू नोको."

मला रडूच आलं. त्या दिवसापासून पोरांना सराव देऊन मी काकांजवळ बसू लागले, आणि एकदाचा तो थांबा जमला. तो बदल आम्ही काकांच्या नावानं, त्यांच्या त्या जुन्या तक्रारीला जोडून तिकडे परत पाठवला. त्या लोकांनी तपासला, किरकोळ दुरुस्ती सांगितली आणि मूळ कोडात घेतला. "चाला, वाटी पोचली," काका म्हणाले.

काही आठवड्यांनी त्याच तक्रारीखाली कोणा अनोळखी बाईंनी मराठीत लिहिलं: 'नमस्कार. आपला थांबा नांदेडला सुखरूप पोचला. आई ऐकते आहे. इकडे सर्व खुशाल.' काका चष्मा पुसून पुसून ते वाचत राहिले. त्या दिवशी अख्ख्या क्लासला त्यांच्याकडून चहा.

संध्याकाळी मी काकूंसाठी वाटीभर पिठलं घेऊन गेले, तर काका बाहेर ओट्यावर एकटेच बसलेले. आत मशीन वाचत होतं. सासू-सुना भांडत होत्या, पण एकमेकींचं ऐकून घेऊन. आपल्यावाचून काकूंना जमतंय का, ते काका कान देऊन ऐकत होते. आत काकू हसल्या, तसे काकाही हसले. "जमते तिले," मला म्हणाले.

तेवढ्यात आतलं मशीन बंद झालं.

"अवो, बाहीर काऊन बसले?" काकूंचा आवाज आला. "तुमी हाये न अजून! अंदर या आन् तुमीच वाचा."

काकांनी डोळे पुसले, शर्टाचं वरचं बटन लावलं आणि आत गेले. पिठल्याची वाटी माझ्या हातातच राहिली.