इंदूची चौदा तारीख

सावरटेक गावाला तारखा पंचायतीच्या संगणकातून सोडाव्या लागतात. जी सोडली नाही, ती गावात उजाडत नाही. महिनाअखेरीला शालन काळ्या पडद्यावर एक ओळ लिहिते : कुठल्या तारखेपासून, किती दिवसांनी, कुठवर. नळाच्या पाण्याची यादीही तीच काढते. पाणी एक दिवसाआड येतं, म्हणून त्या ओळीत मधे दोन. तारखांच्या ओळीत एक.

या खेपेला तिनं आधी पाण्याची यादी काढली आणि बाणाची कळ दाबून तीच ओळ परत आणली, ती मधले दोन न बदलता तारखांनाही वापरली. एक गेली की तीन उजाडली, तीन गेली की पाच. उजाडेल ती तारीख पाण्याचीच, त्यामुळे नळाला रोज पाणी येऊ लागलं. कुणी तक्रार केली नाही.

रखमाजी तेराला झोपले ते पंधराला उठले. चौदाला त्यांची लेक इंदू येणार होती, दोन वर्षांनी, एका मुक्कामासाठी. ते काठी घेऊन पंचायतीत गेले.

"शालन, माझी चौदा राहिली गं."

शालननं यादी पाहिली. "राहिलीय खरी. पण आबा, आता पंधरा लागली."

"मग पंधराच्या मागनं सोड. पंगतीत कुणाला वाढायचं राहिलं, तर मागनं वाढतातच ना?"

शेजारच्या हिराबाई दाखल्यासाठी बसल्या होत्या. "यादीला हात लावू नका, आबा. आता कुठं रोज आंघोळ मिळतेय."

"कळलं गं. गल्लीतला वास गेलाय."

हिराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"एकटी चौदाच सोडते," शालन म्हणाली. "चौदापासून चौदापर्यंत. पण ती पाण्याच्या यादीत नाही. कोरडी येईल."

"येऊ दे. मी आज भरून ठेवतो."

"अर्ज लागेल. कारण लिहा."

रखमाजींना जमलं तेवढं त्यांनी लिहिलं : लेक. शालननं शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी चौदा उजाडली. दुपारच्या गाडीनं इंदू उतरली.

"गाडी वेशीबाहेर थांबली होती, आबा. कंडक्टर म्हणाला, पुढं तारीख नाही. तुमचे लाडू सगळ्या गाडीनं खाल्ले."

"बरं झालं. दात कुठं आहेत मला?"

त्यांनी भरून ठेवलेल्या हंड्यातलं पाणी तिच्या पायांवर घातलं. जेवणं झाली. इंदूनं पिशवी खुंटीला लावली.

"पंधराच्या सकाळच्या गाडीनं निघते. परतीचं तिकीट पंधराचंच आहे."

"पंधरा काल झाली," रखमाजी म्हणाले.

"मग मी जायचं कधी?"

"अर्ज करावा लागेल." त्यांनी तिच्यासाठी गोधडी झटकली. "पण कारण लिहावं लागतं. मला काही सुचत नाही."