अंगाला बसलेली गाडी

आमच्या पिंपळे सौदागरच्या सोसायटीत गाडी रोज धुणारे आहेत, गाडीला लिंबू-मिरची बांधणारे आहेत, पण शिवणकामाचा टेप लावून टायरचं माप घेणाऱ्या विमलकाकू एकट्याच.

मी त्यांना पहिल्यांदा तसं पाहिलं तेव्हा त्या पार्किंगमध्ये लाल गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या. सवयीने तोंडात दोन टाचण्या. मला बघून त्यांनी त्या काढल्या आणि म्हणाल्या, "हे बघ. एवढं मोठं चाक आणि त्याच्यावर दोन बोटं रबर. एवढ्याशा अस्तरावर कुणी एवढी जड गाडी उभी करतं का?"

काकू आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. ब्लाउज शिवतात. अर्ध्या सोसायटीची मापं त्यांना तोंडपाठ आहेत, आणि कुणाचं वजन वाढलं हे त्या लिफ्टमध्ये सगळ्यांसमोर सांगतात. गाडी त्यांच्या मिस्टरांनी घेतलेली. काका चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत होते. रिटायर होताना त्यांनी हौसेने छोटी पण तेज गाडी निवडली: लाल रंग, काळं छप्पर, रुंद अलॉय व्हील, कडक शॉकअप. वर्षभरात काका आजारी पडले आणि गेले. काकू आता गाडी विकतील असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. काकूंनी ड्रायव्हिंग क्लास लावला.

लायसन्स हातात पडल्यावर त्यांनी जाहीर केलं, "गाडी रेडिमेड आहे. अंगाला बसवून घ्यावी लागणार."

मी मूळचा जालन्याचा, चाकणला नोकरीला, आणि गाड्यांचं वेड लहानपणापासूनचं. माझ्या स्वतःच्या गाडीला मी उंची कमी करणारे स्प्रिंग घातले होते, रुंद टायर घातले होते, असा सायलेन्सर बसवला होता की मी घरी आलो हे बायकोला मी गेटवर असतानाच कळे. गतिरोधकावर गाडी तिरकी करून चढवावी लागायची, त्याचंही मला कौतुक. त्यामुळे सल्लागार म्हणून काकूंनी मलाच पकडलं. "तू सुचव, मी ठरवते," म्हणाल्या. पुढे माझ्या लक्षात आलं की मी जे सुचवतो त्याच्या नेमकं उलट त्या ठरवतात.

काळेवाडीत बाळू मिस्त्रीचं गॅरेज आहे. माणूस तिथलाच, जुन्या गावकीतला. मला बघून त्याला वाटलं, चांगलं गिऱ्हाईक आलं.

"काकू, सायलेन्सर टाकू या. अशी गरजंल, लोकं वळून बघतील."

"आवाज काढायला मी आहे. गाडीनं गप बसायचं."

"मग मागं स्पॉयलर?"

"हे शेपूट कशाला? आधी ही चाकं काढ. लहान चाकं घाल, पण रबर जाड पाहिजे. आणि हे शॉकअप फार ताठ आहेत, मऊ घाल."

बाळू डोकं खाजवायला लागला. "काकू, लोकं मऊ काढून ताठ घालत्यात. असं उलटं कुनी करीत न्हाई."

"एकीचा ब्लाउज मी दुसरीच्या मापाने शिवते का?"

बाळूने जॅक ओढला आणि चाकं काढायला घेतली.

मग सुरू झाल्या ट्रायल. काकूंचा ट्रायलचा नियम असा, की त्या चालवणार, मी शेजारी बसणार आणि काळेवाडीच्या सगळ्यात उखडलेल्या रस्त्यावरून जाताना मी सुईत दोरा ओवणार. पहिल्या ट्रायलला सुई माझ्या अंगठ्यात गेली. काकूंनी अंगठ्याकडे बघितलं नाही. गाडी वळवून त्या सरळ गॅरेजवर गेल्या. "बाळू, पुढून टोचतंय." दुसऱ्या वेळी, "आता मागून झोळ आलाय, डोलतेय." सीटसुद्धा त्यांनी उसवून फोम पुन्हा भरला, तोही स्वतः, घरच्या मशीनवर कव्हर शिवून. बाळू मला बाजूला घेऊन म्हणाला, "राव, ह्या काकूंला नक्की जायचंय तरी कुटं?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. पण एका सकाळी, ऐन खड्ड्यांत, माझा दोरा सुईतून गेला. काकूंनी गाडी बाजूला घेतली, सुई हातात घेऊन उजेडात धरली आणि एवढंच म्हणाल्या, "बसली अंगाला."

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी पाठ गेली. कंपनीत खाली वाकलो आणि सरळच होईना. मणक्याची गादी सरकली होती. डॉक्टरांनी सगळं तपासून विचारलं, "गाडी कोणती चालवता?" मी सांगितलं. ते फक्त हसले.

पिंपरीला हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपीला जायचं तर रिक्षात जीव जायचा, आणि माझ्या गाडीत बसायची तर कल्पनाही नको. दुसऱ्याच दिवशी काकू दारात उभ्या. "चल. सुई नाही देणार आज."

त्यांनी मला नेलं, आणलं, परत नेलं. रस्ते तेच, खड्डे तेच. पण त्या गाडीत मी पहिल्यांदा पाठीचा विचार न करता बसलो. शिलाईची कामं बाजूला ठेवून काकू हॉस्पिटलबाहेर थांबायच्या, एकदाही कुरकुर नाही. बायको म्हणाली, "काकू, तुमचे उपकार कसे फेडायचे?" काकू म्हणाल्या, "फेडू नका. फक्त त्याला सांग, दार आपटत जाऊ नकोस."

शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी मला गाडी चालवायला परवानगी दिली. मी खुशीत बाहेर आलो. "झालं काकू! आता यायची गरज नाही."

"हो का," काकू म्हणाल्या. गाडी सुरू केली. घराकडे वळायचं तिथे त्या वळल्याच नाहीत. पुढच्या सिग्नलला म्हणाल्या, "तुला वेळ आहे का रे? चाकणला जाऊन येऊ. ह्यांची कंपनी मी कधी बघितलीच नाही. आत नाही जायचं, बाहेरूनच."

मोशीच्या ट्रॅफिकमधून रांगत आम्ही पोचलो. कंपनीच्या गेटसमोर काकूंनी गाडी कडेला लावली. शिफ्ट सुटत होती. माणसं डबे घेऊन बसकडे चालली होती.

"शेवटी शेवटी ह्यांना आम्ही ह्याच गाडीतून दवाखान्यात न्यायचो," काकू गेटकडे बघतच म्हणाल्या. "भाचा चालवायचा, हे त्याच्या शेजारी, मी मागे. खड्डा आला की हे वरची कडी घट्ट धरायचे. हाडंच राहिली होती अंगावर. मी विचारायचे, लागलं का हो? तर म्हणायचे, छे, मस्त चालते गाडी. इतक्या हौसेने घेतलेली. तिला नावं कशी ठेवणार?"

"चहा आणतो," म्हणून मी उतरलो.

दोन कागदी कप घेऊन परत आलो तर काकू डावीकडच्या सीटवर बसल्या होत्या. किल्ली माझ्या हातात देत म्हणाल्या, "डॉक्टरांनी हो म्हटलंय ना? मग तू चालव. एवढं सगळं केलं, पण ह्या सीटवर बसून मी कधी बघितलंच नाही."

चहा पिऊन आम्ही निघालो. मोशीच्या अलीकडे रस्ता पार उखडलेला होता. मी वेग कमी केला आणि शेजारी पाहिलं. काकूंचे हात मांडीवर होते, मोकळे. डोळे मिटलेले.

"काकू, आणखी हळू घेऊ?"

"नको रे," डोळे न उघडता त्या म्हणाल्या. "मस्त चालते."