गुरुवारचे सर

त्या वर्षीचा 'उत्तम मार्गदर्शक' हा मान एका तपकिरी कोटाला मिळाला. असं काही झालेलं नाही. संस्थेत कुणालाही विचारा, असं काही झालेलं नाही हेच सगळे एका सुरात सांगतील, आणि इतक्या एका सुरात सांगतील की तुम्हाला शंका येईल. तेव्हा तो विषय आपणही इथेच सोडू आणि चष्म्यापासून सुरुवात करू.

चष्मा बारकीचा होता आणि त्यावर तिची आई बसली.

"आई, बसण्याआधी जरा बघावं!"

"सोफ्यावर बसताना काय बघायचं? सोफा काय पळून जातो?"

चष्मेवाल्यानं तुकडे उजेडात धरले आणि हळहळला. "एवढ्या जाड काचा बाहेरून मागवाव्या लागतात, ताई. महिना तरी जाईल."

"आणि तोवर?"

"तोवर रस्ता जपून ओलांडा."

तो महिना बारकीला पुढे जन्मभर आठवला. दिव्यांची फुलं झाली. बस ढगासारखी तरंगत येई आणि अलगद थांबे. रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ओळखीचा वाटे, म्हणून ती सगळ्यांकडे बघून हसू लागली. एका टपालपेटीला तिनं वाकून नमस्कार केला, आणि पेटीही जराशी लवल्यासारखी वाटली.

बारकी ज्या संस्थेत कामाला होती तिथे मधुमेहाचा अभ्यास चाले, पण औषधांचा नव्हे, माणसांच्या वागण्याचा. गोळी खिशात असून माणूस ती का घेत नाही, चालायला जातो सांगून बाकावर का बसतो, असल्या गोष्टींचा. ज्या घरांतून आजवर कुणी शास्त्रज्ञ झालं नाही, अशा घरांतल्या मुलामुलींसाठी संस्थेनं एक योजना काढली होती. प्रत्येकाला एकेक ज्येष्ठ मार्गदर्शक, आठवड्याला एक तास. बारकीची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. त्यांच्या अख्ख्या घराण्यात पांढरा कोट घातलेला माणूस म्हणजे फक्त एक चुलत न्हावी. वर्षअखेर समितीपुढे अभ्यासाचा आराखडा मांडायचा होता. तो पटला तर पुढचं वर्ष, नाही पटला तर मामाचं टायरचं दुकान. तिथली खुर्ची मामानं पुसून ठेवली होती, आणि दर रविवारी फोन करून तो टायरांची खुशाली कळवत होता.

आता बारकीचे मार्गदर्शक, मोठे सर. लांबलांबून लोक त्यांना ऐकायला यायचे. 'ऐकण्याची कला' हे त्यांच्या पुस्तकातलं गाजलेलं प्रकरण, आणि ते त्यांना तोंडपाठ होतं.

"सर, माझा प्रश्न असा आहे की लोक डॉक्टरांपासून..."

"लपवतात! का लपवतात? छान प्रश्न. सांगतो."

आणि तास संपेपर्यंत सर सांगत. वर्ष सरत आलं तरी बारकीचं एकही वाक्य क्रियापदापर्यंत पोचलं नव्हतं. तिचा प्रश्न खरं तर साधा होता. तिच्या आईला साखर होती. डॉक्टरांपुढे आई म्हणे, "गोडाला हातसुद्धा लावत नाही मी." आणि घरी येऊन मांजराजवळ बसे. "आज बिस्किटं जरा जास्तच झाली गं." मांजराला खरं आणि डॉक्टरांना खोटं, असं का?

चष्मा फुटला त्याच आठवड्यात संस्थेनं सरांचे तास गुरुवारी दुपारी हलवले होते, आणि ती सूचना सरांनी वाचलीच नव्हती. चष्मा फुटल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी बारकी दुपारी चाचपडत सरांच्या खोलीत शिरली. सरांची उंच पाठीची खुर्ची खिडकीकडे वळलेली होती. खुर्चीला तपकिरी कोट होता. कोटाच्या वर खुर्चीचा डोक्यामागचा चामडी टेका दुपारच्या उन्हात चकाकत होता, आणि खुद्द सरांचं टक्कलही थेट तसंच चकाके. टेबलावरचा पंखा फिरला की कोटाची एक बाही उचलली जाई, जणू सर म्हणताहेत, चालू दे.

"सर, मी बसू का?"

कोपऱ्यात इन्शुलिन ठेवायचा छोटा, म्हातारा फ्रिज होता. तो म्हणाला, "हूंऽऽऽ."

बारकी बसली. तिनं नेहमीप्रमाणे अर्धं वाक्य बोलून सरांना जागा दिली. सर काही बोलले नाहीत. घाबरून तिनं उरलेलं अर्धं सांगितलं. मग दुसरं वाक्य. मग आई, मग मांजर. खिडकीतून ऊन हळूहळू सरकत होतं, पडदा श्वास घेत होता, आणि बारकीला आपलाच आवाज लांबून, पाण्यावरून आल्यासारखा ऐकू येत होता. बोलता बोलता तिला उलगडलं की मांजर रागावत नाही. बस्स, एवढंच. मग आपल्या अभ्यासातल्या माणसांनाही आधी न रागावणारं कुणी ऐकणारं मिळालं तर?

"बरोबर आहे ना, सर?"

"हूंऽऽऽ," फ्रिज म्हणाला, आणि समाधानानं टक् करून थांबला.

बाहेर येऊन तिनं लंबूला गाठलं. लंबू तिच्याच योजनेतला, डोंगरातल्या खेड्यातून आलेला. बोलताना तो अडखळायचा, आणि अडखळला की पूर्णविराम आला समजून सर सुरू व्हायचे.

"लंबू, सर बदललेत रे! ऐकतात!"

"चष्मा फुटला तुझा, का-कान नाही ना?"

पण तो गेला. लंबूची नजर घारीची. त्यानं कोट पाहिला, खुर्ची पाहिली, खोलीभर नजर फिरवली, क्षणभर विचार केला, आणि बसला. तासाभरानं बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा नुकत्याच धुतलेल्या खिडकीसारखा होता.

"काय म्हणाले सर?"

"फा-फार काही नाही," लंबू म्हणाला. "पण मुद्द्याचं."

पुढच्या गुरुवारी सरांच्या दाराशी रांग लागली. योजनेतली सगळी मुलं एकेक करून आत जात आणि स्वप्नातून उठल्यासारखी बाहेर येत. बारकी सोडून सगळ्यांना दिसत होतं की आत कोट आहे. कुणी ब्र काढला नाही, कारण प्रत्येकाला वाटे की आपल्यालाच कळलंय आणि बाकीच्यांचा उगाच विरस नको. आराखडे भराभर पुरे होऊ लागले.

संचालकबाईंनी चहाच्या वेळी मोठ्या सरांना गाठलं. "तुमची गुरुवारची पोरं काय चमकायला लागलीत हो! करता तरी काय तुम्ही?"

"विशेष काहीच नाही," सर म्हणाले. हे खरं होतं.

सर चक्रावले. गुरुवारी दुपारी आपण खोलीत नसतो, हे त्यांना चांगलं माहीत होतं. पण तसं म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार, मग असता कुठे? त्याचं उत्तर देण्यासारखं नव्हतं. कोट खुर्चीला ठेवून जायची युक्ती त्यांचीच. कोट दिसला की लोकांना वाटतं माणूस इथेच कुठेतरी आहे.

समितीचा दिवस गुरुवारच होता. सकाळीच चष्मा आला. जग एकदम टोकदार झालं. टपालपेटी पेटीच निघाली. समितीआधी एकदा सरांपुढे सगळं म्हणून दाखवावं म्हणून बारकी धावत खोलीत गेली, आणि दारातच थिजली.

कोट. टेका. फ्रिज.

"म्हणजे महिनाभर मी..." ती म्हणाली. फ्रिज म्हणाला, "हूंऽऽऽ."

मागून पावलं वाजली. मोठे सर आत आले. हातात बेकरीचं खोकं, आणि मिशीवर पांढरं क्रीम.

"मी जरा... बँकेत गेलो होतो," सर म्हणाले.

बारकीच्या जिभेवर पुष्कळ आलं. समिती तासाभरावर होती, शिफारस सरांच्या हातात होती आणि मिशी सरांच्या तोंडावर होती. ओरडावं, रडावं की हसावं, काही ठरेना. म्हणून ती म्हणाली, "हूं."

पंखा फिरला. कोटाची बाही उचलली गेली.

"बँकेत नव्हतो," सर म्हणाले.

"हूं."

"साखर आहे मला. बरीच वर्षं. कोपऱ्यावरच्या बेकरीत केक खातो. घरी बायकोला सांगतो, गुरुवारी पोरांना शिकवतो." ते खोकं मांडीवर घेऊन विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसले. "पथ्यावरचं पुस्तक मी लिहिलंय गं. मी कुणाला सांगू?"

बारकीनं त्यांना आपला रुमाल दिला. सरांनी मिशी पुसली.

"तू रागावली नाहीस," सर म्हणाले.

"माझा आराखडा तोच आहे, सर. तुम्ही अजून ऐकलेला नाही."

समितीत बारकी उभी राहिली. तिनं तोंड उघडलं तोच एक सदस्य म्हणाला, "म्हणजे तुम्हाला म्हणायचंय की..." आणि सवयीनं मोठे सरही पुढे सरसावले. बारकीच्या डोळ्यांपुढे टायर आले, एकावर एक रचलेले. सरांनी श्वास घेतला. मग तो सोडून दिला.

"तिचं वाक्य पुरं होऊ द्या," ते म्हणाले.

वाक्य पुरं झालं. त्यामागोमाग पुष्कळ झाली. बारकीला पुढचं वर्ष मिळालं आणि अभ्यासाला पहिला माणूसही मिळाला. तो दर गुरुवारी न लपवता सांगतो, खोक्यासकट. मामानं खुर्चीवर टायर ठेवला.

योजनेतल्या मुलांनी उत्तम मार्गदर्शक म्हणून एकमतानं 'गुरुवारचे सर' निवडले. मोठ्या सरांनी पदक घेतलं, सरळ खोलीत गेले आणि ते कोटाच्या गळ्यात घातलं. संस्थेनं लगेच ठरवलं की असं काही झालेलं नाही. पण सरांच्या सहीचा एक अर्ज संचालकबाईंच्या टेबलावर आजही पडून आहे:

"तरी वरील बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार करून सदर तपकिरी कोटास गुरुवार दुपारपुरते वरिष्ठ मार्गदर्शक या पदावर कायम करण्यात यावे, कोपऱ्यातील फ्रिजची दुरुस्ती कोणत्याही परिस्थितीत करण्यात येऊ नये, आणि कोट धुण्यास गेल्यास त्या दिवशी तितक्याच अनुभवाच्या बदली कोटाची व्यवस्था व्हावी, ही नम्र विनंती."