दहा हजार सात निळ्या फरश्या

तीस वर्षं फरश्या बसवतोय. एक वाया गेली नाही, एक कमी पडली नाही! तेव्हा बायकोला छातीठोक सांगितलं, "अगं, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलंय ना? पुढच्या रविवारी आपल्या परसात चालशील!"

एका पाडलेल्या तरणतलावाच्या दोन-दोन इंची निळ्या फरश्या माझ्याकडे पोत्यांत पडून होत्या. झोपेत दिसावा तसा निळा. आता कुणी बनवत नाही. पहिली उचलली, रंग जुळवायला सवयीप्रमाणे खिशात टाकली, आणि मोजायला बसलो.

दहा हजार सात!

"एकही कापणार नाही, एकही उरवणार नाही," मी जाहीर केलं. "तलावाच्या तळाची लांबी-रुंदी आकडाच सांगेल!"

दोन-दोनच्या ओळी. उरली एक.

तीन-तीनच्या. उरल्या दोन.

सात-सातच्या. चार.

अकराच्या. आठ.

तेराच्या. दहा!

"भागाकार आहे की मांजरीचं बाळंतपण?" बायको म्हणाली. "दर खेपेला पिल्लं वाढतायत!"

मुलगी शाळेत गणित शिकवते. तिने शंभरापर्यंत भागून पाहिलं. "बाबा, ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, बाकी कुणाचं ऐकत नाही."

"आईवर गेलीय!"

"तिचा आयत एकच. रुंदी एक फरशी, लांबी दहा हजार सात."

मी डोळे मिटले.

दोन इंच रुंद, अर्धा किलोमीटर लांब तलाव. फाटकाखालून निघालाय, सलूनवरून, टपाल कचेरीवरून, गावाबाहेर. आभाळाची बारीक दोरी. तिच्यावर बायको, पावलापुढे पाऊल ठेवत. गुडघे दुखत नाहीत. ती वळून बघत नाही...

"अहो! पाय मावेल का त्यात?"

बुधवारी हात टेकले. बाहत्तर बाय एकशे एकोणचाळीस मांडल्या. कोपऱ्यात एकच भोक राहिलं, पडलेल्या दातासारखं! तीस वर्षांची अब्रू त्यातून गळत होती.

तेवढ्यात बायको माझा शर्ट धुवायला घेऊन आली. "चार दिवस अंगात होता. खिशात हे काय?"

निळी!

"दहा हजार आठ!" मुलगी ओरडली. "दोनाने जातो, तिनाने जातो, बाहत्तराने पूर्ण जातो!"

भोक बुजलं. सिमेंट वाळलं. रविवारी पाणी भरलं. बायको गुडघाभर निळ्यात उतरली, हळूहळू चालली, अगदी माझ्या मिटल्या डोळ्यांत चालली होती तशीच. मग थांबली.

"छान झालंय हो. पण हे पाणी बदलायचं कसं? सोडायला भोक कुठंय?"

मी मुलीकडे पाहिलं. मुलीने वहीत पाहिलं.

पाणी बादल्यांनी उपसलं, कोपऱ्यातली फरशी छिन्नीने काढली, तिथे पाइप बसवला, वर झाकण. फरशी पुन्हा माझ्या खिशात. आकडा पुन्हा कुणाचं ऐकत नाही.

कुणी विचारलं तर सांगतो, पहिल्यापासून असंच ठरवलं होतं.

(बायको हसते. पाण्यात उभी राहून.)