एका क्लिकवर दाढ

फोल्डर उघडायला दोनदा क्लिक करणं हा दातांच्या डॉक्टरांच्या मते शुद्ध मागासलेपणा होता. "दार उघडायला दोनदा ढकलतो का आपण?" असं म्हणत त्यांनी सकाळी दवाखान्यात पाऊल टाकल्या टाकल्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून टाकली. आता प्रत्येक फोल्डर एकाच क्लिकवर उघडणार, आणि तोही स्वतःच्या वेगळ्या खिडकीत! वेळ वाचेल, बोटं वाचतील, दवाखाना कुठल्या कुठे जाईल!

पण त्या कॉम्प्युटरवर बसायची त्यांची आत्या. इतकी वर्षं ती प्रत्येक फोल्डर दोनदाच ठोकत आली होती, तेही भिंतीत खिळा ठोकावा तसा.

"आत्या, आजपासून एकदाच हं!"

"बरं बाबा, एकदाच," आत्या म्हणाली आणि तिनं टक-टक केलं.

पहिल्या टकला फोल्डर उघडायचा. दुसरा टक त्या फोल्डरच्या पोटात बोटाखाली जे येईल त्यावर पडायचा, आणि मग तेही उघडायचं!

खुर्चीत वकीलसाहेब आडवे झाले होते. खालची उजवी दाढ काढायची होती. उद्या त्यांचा मोठा खटला होता, तेव्हा बोलता आलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. उजव्या बाजूला इंजेक्शन देऊन झालं, जीभ जड झाली.

"आत्या, साहेबांचा एक्स-रे लाव."

टक-टक! पडद्यावर कुणा मास्तरांचे सुळे.

"हा नव्हे गं!"

टक-टक! कुणाची तरी कवळी.

"अगं, एकदा! एकदाच!"

"एकदाच करतेय रे! बोटं ऐकत नाहीत, त्याला मी काय करू?"

खिडक्यांवर खिडक्या साचत चालल्या. डॉक्टरांच्या हातात मोजे, त्यामुळे माउसला शिवायची सोय नाही. ते नुसते जागच्या जागी धुमसत होते. शेवटी एक अख्ख्या जबड्याचा एक्स-रे उघडला आणि तसाच राहिला. दमलेल्या आत्यानं पडदा खुर्चीकडे वळवला.

"अरेच्चा! उजवी दाढ तर ठणठणीत आहे. किडलीय ती डावी!" डॉक्टर म्हणाले.

"अंऽ! अंऽ!" वकीलसाहेब जोरजोरात मान हलवू लागले.

डॉक्टरांनी तोंडात डोकावून पाहिलं. डावी दाढ पांढरीशुभ्र. "बघा, वरून किती साळसूद! आतून पार पोखरलीय. कॉम्प्युटर खोटं बोलत नाही, साहेब!"

"अं अं अंऽ!"

"दुखतंय ना? दुखणारच!" डॉक्टरांनी डाव्या बाजूलाही इंजेक्शन दिलं. भल्याभल्यांना निरुत्तर करणाऱ्या माणसाचं तोंड आता दोन्हीकडून बंद झालं.

मग डॉक्टरांचा मनस्ताप उफाळून आला. सकाळपासून आत्यावर काढता न आलेला सगळा राग त्या एक्स-रेवर निघाला. "काय ही दातांची दशा! इतका निष्काळजी माणूस मी जन्मात पाहिला नाही. शिकलेसवरलेले म्हणवता आणि दाढ सडेपर्यंत गप्प बसता? भित्रेपणा आहे हा, दुसरं काही नाही! ही दाढ आज, आत्ताच्या आत्ता निघाली पाहिजे!"

त्यांनी पक्कड उचलली. वकीलसाहेबांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं.

इकडे आत्या खिडक्या बंद करत होती. एकेक करता करता ती त्या एक्स-रेपाशी आली, चष्मा नीट केला आणि वरचं नाव वाचलं.

"अरे, हा तर तुझा एक्स-रे! गेल्या वर्षी काढला होतास, आणि पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू, करत बसलास!"

डॉक्टरांची पक्कड हवेतच राहिली. नकळत त्यांची जीभ डाव्या दाढेकडे गेली.

वकीलसाहेब उठले. गळ्यातला फडका सोडून त्यांनी तो डॉक्टरांच्या गळ्यात नीट बांधला आणि मोकळी खुर्ची हातानं दाखवली. एक शब्दही न बोलता त्यांनी आयुष्यातला सगळ्यात सोपा खटला जिंकला होता.

"बस बाळा," आत्या म्हणाली, "आणि आ कर. एकदाच सांगतेय हं!"