पाणवठ्याच्या लढाईचा गृहपाठ

बाळांनो, एका जंगलात शाळा होती, आणि शाळा होती म्हणून गृहपाठही होता. शाळा सिंहमहाराजांनी काढलेली, त्यामुळे अर्थातच इंग्रजी. पटावर नाव असलेल्या पिलांना महाराज खात नसत. म्हणून जंगलातली एकूण एक आई सकाळी पिलाचं तोंड धुऊन त्याला शाळेत लोटायची.

गृहपाठ मात्र कुणालाच झेपेना. मग सगळे ढालोजी कासवाकडे येत. ढालोजी साठ वर्षं साहेबाच्या बंगल्यातल्या हौदात राहिलेला, त्यामुळे इंग्रजी फर्डं. शिवाय वय दोनशे, म्हणजे इतिहास डोळ्यांनी बघितलेला.

एका दुपारी टिकली नावाची हरणाची पोर वही घेऊन आली.

"आजोबा, सिंहाच्या दयाळूपणावरची ही कविता. यात कवीला काय म्हणायचंय?"

"कवीला जगायचंय, पोरी. पुढचं विचार."

"पाणवठ्याच्या लढाईत काय झालं?"

ढालोजीची मान कवचातून सर्रकन बाहेर आली. "लढाई कसली? मी तिथंच होतो. हरणं पाणी पीत होती. सिंहांनी झडप घातली. एकोणीस हरणं मारली. त्यात तुझी पणजी होती."

टिकलीनं तसंच लिहिलं. कोल्हे मास्तरांनी वहीत भोपळा काढला आणि बजावलं, "उद्यापर्यंत उत्तर सुधारून आण. नाहीतर पटावरून नाव कमी!"

टिकलीला घेऊन तिची आई धावत आली. "बाबा, तुमचं खरं तुमच्या कवचात ठेवा. माझ्या पोरीला कवच नाही हो."

ढालोजी बराच वेळ आत शिरून बसला. बाहेर आला तेव्हा टिकलीला म्हणाला, "वही काढ. खोटं लिहायचं नाही. फक्त व्याकरण बदलू. 'सिंहांनी हरणं मारली', याचं पॅसिव्ह कर."

"हरणं सिंहांकडून मारली गेली."

"शाबास. आता 'सिंहांकडून' खोड."

"चालतं?"

"नियमच आहे. कर्ता सगळ्यांना ठाऊक असला, की गाळता येतो."

कोल्हे मास्तर गहिवरले. दहापैकी दहा! महाराज म्हणाले, "वाचून मलाच वाईट वाटलं हो त्या हरणांचं." वाक्य थेट पाठ्यपुस्तकात गेलं. ढालोजीचा सत्कार झाला. शाल कवचावरून तीनदा घसरली.

पुढच्या वर्षी टिकली तोच धडा पाठ करायला आली. आसपास कुणी नाही असं बघून ढालोजी हळूच म्हणाला, "लिही काहीही, पण लक्षात ठेव. तुझ्या पणजीला सिंहांनी मारलं."

टिकलीनं पुस्तक चाळलं. "असं कुठंच नाही, आजोबा."

"अगं, मी तिथं होतो!"

"तुम्ही असाल. पुस्तकात नाही." तिला त्याची दया आली. "बरं, मी सांगते. 'हरणं मारली गेली.' तुम्ही माझ्यामागून म्हणा."

आणि ढालोजीनं म्हटलं. एकही चूक न करता.

तात्पर्य: गृहपाठात मदत नेहमी खरं माहीत असलेल्याकडूनच घ्यावी. नेमकं काय गाळायचं, ते त्यालाच ठाऊक असतं.