नऊ फुटी विमानाच्या सीमोल्लंघनाची हकीकत

"बाबा, हे विमान उडतं, की नुसतं हार घालून पुजायचं?"

ऐसा सवाल शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध एकादशी, रविवारीं, दसरा सरोन दुसरेच दिवशीं, गुरांच्या बाजाराचे मोकळे मैदानांत, खाशा महाराजांस त्यांचे एकुलत्या कन्येनें केला. विघ्नहर्ता प्रसन्न असो, वारा अनुकूल असो, आणि वाचणारांनीं घटकाभर मोबाइल पालथा ठेवोन चित्त द्यावें. सवाल कन्येचे मुखींचा खरा, परंतु पैज तिचे सख्यांची. सख्या म्हणों लागल्या, "शलाका, हिंमत असेल तर विचार! फोटोला घालतात तसा हार घालून आणलंय. हे जाणार आहे का गेलेलं आहे?" आणि शलाका म्हणजे दहावीच्या वर्गांतून नुकतीच वक्तृत्वाची ढाल जिंकोन आलेली, जमिनीपासोन चार बोटें वर चालणारी, ती बोलिली, "विचारते की! मला काय भीती?" आणि विचारोन चुकली, आणि मग तिला वाटलें कीं धरित्री दुभंगेल तर बरें.

राज्याचें नांव लिहीत नाहीं, शेजारी वाचतात. तीन खोल्या आणि एक गच्ची, एवढा मुलूख. त्यावर महाराज हेमंतराव, तंत्रशाळेंत लांकूडकाम शिकविणारे, हातीं मोठी कला. आणि राणीसाहेब उज्ज्वलाबाई, एस.टी. स्थानकांत वाहतूक नियंत्रक, कोणती गाडी सुटते आणि कोणती येते हें भोंग्यावरोन अवघ्या प्रजेस कळविणाऱ्या. महाराजांनीं आठ वर्षांमागें मनांत आणिलें कीं नऊ फूट पंखांचें विमान, जमिनीवर उभें राहोन रिमोटानें उडविण्याचें, स्वहस्तें सिद्ध करावें. मग दिवाणखान्यांतील सोफा उठला, आणि जेवणाचें टेबल उठलें, आणि त्या जागीं बाल्सा नामें वाळल्या पापडाहून हलकें लांकूड आलें, आणि एकेक फासळी कापोन, घासोन, सांधोन आधीं धड जाहलें, मग पंख जाहले, मग शेपूट जाहली, आणि पंखांच्या फळ्या हलविणारीं चिमुकलीं यंत्रें पोटांत बसलीं, आणि पेट्रोलचें इंजिन नाकावर चढलें, आणि वर्षभरानें विमान सिद्ध होवोन राज्याची प्रजा, म्हणजे तेव्हां तिसरींतली शलाका, टाळ्या पिटोन नाचली. त्यास सात वर्षें लोटलीं. सात दसरे त्यास झेंडूचा हार पडला. दसऱ्यास सीम ओलांडोन मोहिमेस निघावें ही थोरांची चाल. विमानास पूजा मिळे, सीमोल्लंघन मिळेना.

स्वारी मात्र दर रविवारीं निघे. कन्येची जिवलग तस्नीम, तिचे अब्बांचा छोटा टेम्पो हाच शाही रथ. त्यांत गोधडीवर धड निजे, आणि दोन्ही पंख चादरींत गुंडाळोन कन्येच्या मांडीवर. मैदानांत पोंचोन महाराज पंख जोडीत, आणि मळसूत्र पिळीत, आणि मग कन्येस हांक मारीत, "ये गं, तोल बघू." मग एका पंखाखालीं महाराजांचीं दोन बोटें आणि दुसऱ्या पंखाखालीं कन्येचीं दोन बोटें, आणि एवढें थोरलें विमान चार बोटांवर समतोल लटके, नाक ना वर ना खालीं, आणि तेवढा एक क्षण महाराज श्वास घेत नसत. मग इंजिन गर्जे, आणि गवत थरथरे, आणि विमान मैदानांत इकडोन तिकडे धांवे, आणि बगळे उडत, विमान खालींच राही. कारण महाराज काठीवरील वारापिशवीकडे पाहत, जी राणीसाहेबांच्या जुन्या गुलाबी परकराची शिवलेली होती, आणि म्हणत, "आज वारा बरा नाही." आणि पंख सुटत, आणि स्वारी माघारी येई. हेंच उत्तर राज्यांत सर्वत्र चाले. परमुलुखीं पांच तासांचे वाटेवर मुलींचें एक विद्यालय, तेथें एन.सी.सी.ची हवाई शाखा. अकरावीस तेथें जावोन वसतिगृहांत राहावें हा कन्येचा ध्यास. अर्ज तिनें भरोन फ्रिजवर चुंबकाखालीं लाविला होता. सही मागितली कीं महाराज म्हणत, "बघू. वारा बघून ठरवू." अर्ज पिवळा पडत चालला होता.

तर सवाल ऐकोन महाराज रागें भरले नाहींत. भरते तर बरें होतें. त्यांनीं उजवा पंख सोडवावयास घेतला, आणि सख्या एकेक करोन पांगल्या, आणि कन्या पंखाचें टोंक धरोन उभी राहिली. मग महाराज विमानाशींच बोलावें तैसे बोलिले, "लांब जाणारं कुणीही उडवील गं. रिमोटची काडी डावीकडे लोटली की डावीकडे जातं. पण वळून आपल्याकडे यायला लागलं ना, की त्याचं तोंड आपल्याकडे. त्याचं डावं ते आपलं उजवं. सगळं उलटं. तू नव्हतीस तेव्हा मी एक लहान विमान केलं होतं. याच मैदानात. तुझी आई नवी नवरी, बघायला आली होती. गेलं काय सुंदर! वळलं. आलं. मी घातलं डावीकडे, ते गेलं उजवीकडे, मी घाबरून आणखी डावीकडे..."

"मग?"

"मग ऊस."

"ऊस?"

"त्या पलीकडच्या फडात शिरलं. तीन दिवस शोधलं. शेवटी तोडणी लागली तेव्हा निघालं, आत उंदराची पिल्लं."

कन्येस हंसूं फुटत होतें, परंतु महाराजांचे मुखाकडे पाहोन तिनें तें गिळलें. महाराज फडाकडे पाहतच नव्हते. वर पाहत होते, आणि वर कांहीं नव्हतें. तेव्हां तिला तस्नीमचें बोलणें आठवलें. दुपारीं साडेचारास एक खरें विमान फार उंचावरोन पांढरी रेघ ओढीत जाई, आणि शलाका रोज शाळेच्या पायरीवर मान वर करोन उभी राही, रेघ पुसली जाईतों. त्यावर तस्नीम एकदां म्हणाली होती, "अब्बा सांगतात, तुझे बाबा पण बरोब्बर याच वेळी तंत्रशाळेच्या व्हरांड्यात येतात. हातात रंधा, आणि बघतायत वर." तें तेव्हां थट्टेवारी गेलें. आतां पंखाचें टोंक धरोन उभें असतां तिनेंही महाराजांसवें वर पाहिलें.

मग तिनें मसलत केली. राणीसाहेबांच्या नव्या मिक्सराच्या खोक्यांतील थर्माकोल कापोन एक लहानगें विमान केलें, आणि महाराजांकडे जुना रिमोट, एक लहान मोटर आणि दोन यंत्रें मागितलीं, आणि महाराज म्हणाले, "घे. ते तुटलं तर काय बिघडतंय." मग शाळा सुटतांच तस्नीमसह मैदान गांठावें, आणि उडवावें, आणि आपटावें, आणि डिंक लावोन पुन्हां उडवावें. जाई बरें. वळे बरें. येऊं लागलें कीं उलटें पालटें होवोन एकदां बाभळींत, एकदां मारुतीच्या देवळाच्या पत्र्यावर, आणि एकदां रवंथ करीत बैसलेल्या म्हशीच्या पाठीवर उतरलें. म्हैस न उठली, पाहोन घेतलें फक्त. शेवटीं तस्नीम बोलिली, "थांब. मीच विमान होते." आणि ती पन्नास पावलें लांब गेली, आणि दोन्ही हात पसरोन, तोंडानें घर्र करीत, कन्येकडे धांवत सुटली, एक हात वर, एक हात खालीं. कन्या ओरडे, "डावं! नाही, उजवं! थांब, तुझं डावं की माझं?" "मला काय विचारतेस, मी विमान आहे!" ऐसें बोलतां तिचा पाय बैल बांधण्याच्या खुंट्यास अडखळला आणि ती एका अंगास कलती जाहली, आणि शलाकेनें झेंप घेवोन त्याच अंगास हात घातला आणि तिला सांवरिलें. दोघी धापा टाकीत उभ्या. मग तस्नीम म्हणाली, "आता कसं कळलं कुठल्या बाजूला धरायचं?" आणि शलाकेचे डोळे मोठे जाहले. पडणाऱ्याची डावी उजवी पाहत कोणी बैसत नाहीं. ज्या बाजूस कलला त्या बाजूस हात द्यावा. येणारें विमान ज्या अंगास झुकेल त्याच अंगास काडी लोटावी, जणूं पडत्या पंखाखालीं टेकू. बस्स! त्या सांजेस थर्माकोलाचें विमान प्रथमच तिच्या पायाशीं येवोन टेकलें, आणि दोघींनीं जो आरडाओरडा केला त्यानें म्हैस उठली. तेथून मार्गशीर्ष सरेपर्यंत नित्य सराव चालिला, आणि पायाशीं येणें हें त्या विमानास वळणच पडलें.

पुढें पौष शुद्ध चतुर्दशी, रविवार, संक्रांतीस दोन दिवस, थंडी कडाक्याची, उन्हें कोंवळीं. राणीसाहेबांस सुटी, त्याही तस्नीमशेजारीं रथांत बसल्या. तोल पाहिला, चार बोटांवर विमान लटकलें. इंजिन गर्जलें. मग महाराज रीतीप्रमाणें वारापिशवीकडे पाहोन म्हणाले, "वारा..." आणि सर्वांनीं वर पाहिलें, तों परकर हूं कीं चूं करीना.

"वारा नाहीये अहो," राणीसाहेब बोलिल्या.

"तेच म्हणतोय. उडायला समोरून थोडा तरी लागतो."

"बाबा," शलाका बोलिली, आणि तिचा आवाज वक्तृत्वाचा नव्हता, बारीक होता. "जाणारं तुम्ही उडवा. येणारं मी आणते."

महाराज तिजकडे वळले. "आणशील?"

"आणते."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ऊस आहेच की, काका," तस्नीम बोलिली, आणि राणीसाहेब ऐशा हंसल्या कीं महाराजही हंसले, आणि हंसतां हंसतांच त्यांच्या अंगठ्यानें काडी पुढें लोटली.

मग विमान धांवलें, आणि गवत मागें पडलें, आणि खुंटे मागें पडले, आणि शेपूट उचलली, आणि चाकांखालीं आधीं वीतभर, मग हातभर, मग पुरुषभर आभाळ दिसलें. राणीसाहेबांचा हात सवयीनें तोंडापाशीं गेला, जणूं भोंगा धरिला आहे, आणि त्या पुटपुटल्या, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." विमान उसावरोन गेलें. ओढ्यावरोन गेलें. घारीएवढें जाहलें, मग साळुंकीएवढें जाहलें. वळविण्याची वेळ आली आणि गेली.

"बाबा, वळवा."

"अजून थोडं. थोडंच."

"बाबा, दिसेनासं होईल!"

तेव्हां कन्येनें महाराजांचा अंगठा पाहिला. तो कांपत नव्हता. तो वळवूंच इच्छीत नव्हता. सात वर्षें ज्याला खालीं धरिलें, त्याला तो जावोंच देत होता, आणि महाराजांचे ओंठ उघडे, आणि मुख ऐसें जैसें साडेचारच्या रेघेकडे पाहतां तिचेंच होत असेल. तिला वाटलें, जाऊं द्यावें. मग ती जवळ सरकोन हळूच बोलिली, "बाबा, परत आलं तरच पुन्हा जाता येईल ना." आणि महाराजांनीं काडी कलती केली, आणि तो ठिपका रुंद जाहला, वळला, तोंड घराकडे केलें, आणि महाराजांनीं डोळे आभाळांतून न काढितां रिमोट तिच्याकडे केला, आणि तिनें डोळे आभाळांतून न काढितां तो चांचपडोन घेतला. आतां विमान येत होतें. एक पंख झुकला. डावा कीं उजवा हें तिनें पाहिलेंच नाहीं, त्याखालीं काडीचा टेकू दिला. दुसरा झुकला, त्यास दिला. उसावरोन आलें, मोठें होत आलें, गर्जत आलें, तिनें इंजिन मंद केलें, आणि तें टेकलें, उसळलें, पुन्हां टेकलें, धांवत धांवत एका खुंट्यास लागोन गिरकी घेतली, आणि मोठा कडाका जाहला, आणि शांत. चाक एकीकडे, पंखाचें टोंक दुसरीकडे. कन्येनें डोळे मिटले. तों महाराज दोन्ही हात वर करोन विमानाकडे धांवत होते आणि ओरडत होते, "मोडलं! अगं उज्ज्वला, उडून मोडलं!"

येणेंप्रमाणें मोहीम फत्ते जाहली. विमान हवेंत चार मिनिटें राहिलें. महाराजांच्या माथ्यावर सात वर्षांचा वारा होता, तो त्या दिवशीं पडला. तिसरे प्रहरीं महाराज दिवाणखान्यांत मोडक्या पंखास डिंक लावीत बैसले होते, राणीसाहेब फासळ्या धरोन होत्या, आणि दोघांच्याही मुखावर शेजाऱ्यांनीं नांवें ठेवावीं ऐसें हंसूं होतें. शलाकेनें फ्रिजवरील अर्ज काढिला, पंखाच्या शेजारीं ठेविला, त्यावर पेन ठेविलें, आणि दोघांसमोर ताठ उभी राहिली. साडेचार वाजत आले होते.

"आई, बाबा, ऐका. जूनमध्ये मी जाणार आहे. मी ठरवलंय. तुम्ही फक्त सोडायचं. परत यायचं काम माझ्याकडे."